स्वस्तातली आवृत्ती की पुरी आवृत्ती?

कोठीत वाढलेल्या माणसाला एक प्रश्न लहानपणापासून पाठ असतो. गुजराती गल्लीत चार्जर घ्यायला जा, माइक घ्यायला जा, नाहीतर साधी वायर घ्यायला जा, दुकानदार वस्तू काढण्याआधी विचारतो, "ओरिजिनल होना, की कॉपी होना?" यात फसवणूक नसते. दोन्हींचे भाव तो उघड सांगतो, आणि गिऱ्हाईकही आपला खिसा चाचपून उघड उत्तर देते. अस्सल महाग आणि नक्कल स्वस्त, हा बाजाराचा साधा नियम आम्हां कोठीच्या मुलांना अर्थशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधीच समजलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात मात्र माझ्यापुढे असा एक व्यवहार आला, की हा नियम उपयोगी पडेना. दोन वस्तूंपैकी एक निवडायची होती. दोन्ही अस्सल होत्या, एकाच कंपनीच्या होत्या, एकाच कारागिरांनी केलेल्या होत्या. तरी एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट होती. विद्युत गिटारला लागणारा अ‍ॅम्प्लिफायर संगणकातच तयार करणारी ती एक प्रणाली होती. तिची एक स्वस्तातली आवृत्ती होती आणि एक पुरी आवृत्ती होती. विषय किरकोळ आहे हे मला मान्य आहे. परंतु वाणिज्य शाखेच्या दोन वर्षांत जे मी पाठ केले होते, त्यातले बरेचसे या एका खरेदीत मला समजले. म्हणून वार्षिक अंकासाठी हाच विषय निवडला आहे. गिटारशी ज्यांचा संबंध नाही अशा वाचकांनी व प्राध्यापकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

प्रथम थोडे स्पष्टीकरण. विद्युत गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे असते. तारा कंप पावल्या, की त्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो, तेथून स्पीकरमध्ये, आणि मग आपल्या कानावर आवाज पडतो. आपण अ‍ॅम्प्लिफायरला ध्वनिवर्धक म्हणतो, पण गिटारच्या बाबतीत हे नाव अपुरे आहे. तो आवाज नुसता वाढवत नाही, त्याला रंग देतो. आपल्या आजोबांच्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतात. त्यांना कुवतीपेक्षा जास्त काम दिले, की ध्वनिलहरींचे माथे चपटे होतात आणि आवाज किंचित फाटतो. इंजिनिअर ज्याला दोष म्हणत, त्याच दोषावर गिटारवादक लुब्ध झाले.

या धंद्यात नक्कल ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. पुढे 1962 च्या सुमारास लंडनमधले वाद्यांचे दुकानदार जिम मार्शल यांनी फेंडरच्याच 'बासमन' अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर करवून घेतला. सुटे भाग इंग्लंडात मिळाले तसे वापरले, म्हणून आवाज थोडा वेगळा आला, आणि त्या वेगळेपणातून एक नवीन घराणेच निघाले. म्हणजे आज ज्या 'अस्सल' मार्शलची संगणक नक्कल करतो, त्या मार्शलचा जन्मही नकलेतूनच झाला आहे.

असला व्हॉल्व्हचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हटला, तर किंमत लाखाच्या पुढे सहज जाते. शिवाय तो मोठ्याने वाजवला तरच खुलतो. इसामिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत तो मोठ्याने वाजवला असता, तर शेजाऱ्यांनी आम्हांला तिसऱ्या दिवशी घर बदलायला लावले असते. यावर तोडगा म्हणून 1998 साली लाइन 6 या अमेरिकन कंपनीने 'पॉड' नावाची घेवड्याच्या बीच्या आकाराची लाल पेटी काढली. तिच्यात अनेक अ‍ॅम्प्लिफायरांच्या आवाजाची गणिती नक्कल होती. आता तीच विद्या साध्या संगणकात आली आहे. गिटारचा आवाज एका सेकंदात 44,100 वेळा मोजला जातो, त्या प्रत्येक आकड्यावर गणित होते, आणि कानात हेडफोन घालून माणूस मध्यरात्रीसुद्धा वाजवू शकतो.

नक्कल म्हटले की नाक मुरडणाऱ्यांसाठी आपल्या कोठीचाच एक दाखला देतो. ज्या वाड्यावरून या भागाला कोठी म्हणतात, ती ब्रिटिश रेसिडेन्सी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने बांधवली. त्याची पत्नी खैरुन्निसा बेगम पडद्यात राहणारी. वाड्याची दर्शनी बाजू तिला जाऊन पाहता येईना, म्हणून त्याने जनान्याच्या बागेत त्या वाड्याची लहानशी प्रतिकृती करवून घेतली, असे सांगतात. ती प्रतिकृती त्या आवारात आजही आहे. तिच्यात राहता येत नाही हे खरे. पण जिला मूळ वाड्यासमोर उभे राहता येत नव्हते, तिच्या दृष्टीने ती खोटी नव्हती. लाखाचा अ‍ॅम्प्लिफायर ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी संगणकातला अ‍ॅम्प्लिफायर तेवढाच खरा आहे, असे माझे मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या प्रणाल्यांच्या बाजारात आवृत्त्यांची एक उतरंड ठरलेली असते. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने 2020 साली 'गिटार रिग 6' काढली, तेव्हा फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत एक अ‍ॅम्प्लिफायर होता आणि विकतच्या आवृत्तीत एकवीस होते. इटलीतल्या आयके मल्टिमीडिया कंपनीच्या 'अ‍ॅम्प्लिट्यूब 5' ला फुकट आवृत्तीपासून 'मॅक्स' पर्यंत चार पायऱ्या होत्या. 'बायस एफएक्स 2' ही प्रणाली 2019 साली आली, तेव्हा तिच्या तीन आवृत्त्यांच्या किमती 99, 199 आणि 299 डॉलर अशा होत्या. मी ज्या कंपनीची प्रणाली घेतली तिचे नाव सांगत नाही, कारण हा लेख जाहिरात वाटू नये. तिथेही पेच 99 आणि 299 चाच होता.

डॉलर वाचताना लहान दिसतात. रुपयांत मांडले की खरे रूप कळते. बँकेची वटणावळ धरून एक डॉलर 90 रुपयांचा मानला, तर 99 डॉलर म्हणजे 8,910 रुपये. परदेशातून अशी संगणकीय सेवा घेतली की 2017 पासून तिच्यावर 18 टक्के जीएसटी आहे. तो मिळवून 10,514 रुपये होतात. त्याच हिशेबाने 299 डॉलरचे 31,754 रुपये होतात. दोन आवृत्त्यांतला फरक 21,240 रुपये.

माझ्या बाजूची शिल्लकही सांगतो. मी संध्याकाळी ट्रूप बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात टॅलीवर नोंदी करतो. महिन्याला साडेचार हजार मिळतात, दोन हजार घरी देतो, आणि जाण्यायेण्याचा व पुस्तकांचा खर्च जाऊन जे उरते ते साठवतो. सव्वा वर्षात 19,000 रुपये साठले होते. बेंगळुरूला नोकरी करणारा मावसभाऊ म्हणाला, "बाकीचे मी देतो, सावकाश फेड." तेव्हा पुरी आवृत्ती घेणे अशक्य नव्हते. अशक्य असते तर प्रश्नच सुटला असता! माणसाला अडचणीत आणते ती थोडक्यासाठी न परवडणारी वस्तू.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. आमच्या वाद्यवृंदातला एक मित्र म्हणाला, "महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार. अर्धे आज घेशील आणि उरलेले उद्या घेशील. दोन्ही मिळून जास्तच जातील." बाबा सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात रोखपाल आहेत. त्यांनी अंथरूण पाहून पाय पसरायला सांगितले, आणि "गिटार ही वस्तू अंथरुणात धरलीस का?" असेही विचारले. तिसऱ्या एका मित्राने काहीच न बोलता पेन-ड्राइव्ह पुढे केला. त्यात पुरी आवृत्ती होती, कुलूप फोडलेली.

हा तिसरा सल्ला मी का नाकारला, ते सांगितले पाहिजे. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या संगणकात असा माल असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची प्रणाली ही साहित्यकृतीत मोडते. म्हणजे कुलूप फोडलेली प्रणाली वापरणे आणि दुसऱ्याची कविता स्वतःच्या नावावर छापणे, हे अगदी एक नसले तरी एकाच गल्लीतले आहेत. परंतु खरे कारण त्याहून व्यवहारी होते. माझ्या त्याच लॅपटॉपवर दुकानाच्या हिशेबाची प्रत असते. कुलूप फोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले असेल, हे मला तपासता येत नाही. शेठजींनी विश्वासाने दिलेले आकडे अशा माणसाच्या हाती पडण्याची शक्यता मला पत्करता आली नाही. मित्र रागावला नाही. "तुझी मर्जी" म्हणून त्याने पेन-ड्राइव्ह खिशात घातला.

उरल्या दोन आवृत्त्या. त्यांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मला राग आला. काही प्रणाल्यांत सगळेच अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या संगणकात उतरतात. फक्त तुमच्या परवान्याने जेवढ्यांची कुलपे उघडतात तेवढेच वाजतात, बाकीचे पडद्यावर राखाडी रंगात नुसते दिसत राहतात. स्वस्त आवृत्ती करायला कंपनीला कमी खर्च आला असे मुळीच नाही. उलट आधी सगळे तयार करून मग त्यातले काढून घ्यायचे, म्हणजे काम एक पायरी वाढलेच. मग ही कसली स्वस्ताई?

हा राग मी अर्थशास्त्राच्या सरांपुढे मांडला. सर हसले आणि त्यांनी मला दीडशेहून अधिक वर्षे मागे नेले. फ्रान्समध्ये झ्यूल द्यूप्वी नावाचे इंजिनिअर होते. 1849 साली त्यांनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिले. त्या काळी काही गाड्यांत तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च कंपनीला जड होता म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला भिजवण्याचा हेतू नव्हता, पण श्रीमंताला घाबरवण्यासाठी भिजावे गरिबालाच लागले. नंतर सरांनी 1990 चे उदाहरण दिले. आयबीएम कंपनीने आपल्या लेझर प्रिंटरची एक स्वस्त आवृत्ती काढली. मूळ प्रिंटर मिनिटाला दहा पाने छापी, स्वस्तातला पाच. दोन्ही यंत्रे जवळजवळ एकच होती. स्वस्त यंत्राच्या चिपांतच त्याला मुद्दाम थांबवणारी आज्ञा घातली होती.

"म्हणजे सर, ही लबाडीच झाली," मी म्हणालो.

"घाई करू नकोस," सर म्हणाले. "पहिली प्रत तयार करायला काय लागते? माणसे, वर्षे, पगार. दुसऱ्या प्रतीला काय लागते? जवळजवळ काही नाही. आता कंपनीने एकच किंमत ठेवायची ठरवली, तर ती 99 ठेवील असे तुला का वाटते? 200 ठेवील, आणि तू बाहेर राहशील. 299 देणारा कोणी तरी आहे, म्हणून तुला 99 ला मिळते. पण म्हणून कंपनीला दानशूरही समजू नकोस. ते राखाडी चौकोन तुला का दिसत राहतात, याचा विचार कर."

स्थिर खर्च, सीमान्त खर्च, किंमत-भेद ही सगळी प्रकरणे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या दिवशी ती मला स्वतःच्या खिशात सापडली. राग ओसरला, आणि एक बारीक सावधपणा शिल्लक राहिला. स्वस्त आवृत्ती ही माझी सोय आहे आणि पुऱ्या आवृत्तीची विक्रेतीही आहे. ती मला रोज दाखवणार, की तुझ्याकडे काय नाही. तेव्हा 'यात काय काय नाही?' हा प्रश्न तिच्यापुढे बसून सोडवण्यात अर्थ नव्हता. 'मला कशासाठी हवे आहे?' हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

मला कशासाठी हवे होते, ते सांगतो. बाबा उदगीरकडचे, आई भालकीची. दोन्ही गावे विकाराबाद-परळी या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. निजामाच्या राज्यात दोन्ही एकाच बीदर जिल्ह्यात होती; 1956 च्या राज्यपुनर्रचनेत एक मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले आणि दुसरे म्हैसूर राज्यात. आम्ही हैदराबादेत राहिलो. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. शाळा मात्र माझी मराठी माध्यमाची, 1907 पासून चालत आलेली विवेकवर्धिनी. आईची आई, आमची अज्जी, भालकीला असते. वय एकोणऐंशी. तिला जात्यावरची गाणी येतात. मराठी ओव्या तिने सासूकडून घेतल्या, कन्नड बीसुकल्लिन पदे आईकडून. दळता दळता ती एका भाषेतून दुसरीत केव्हा जाते, हे तिलाही सांगता येत नाही. ही गाणी ध्वनिमुद्रित करावीत आणि त्यांच्याखाली गिटारचा अगदी हलका, सलग सूर ठेवावा, अशी माझी दोन वर्षांची इच्छा होती. अज्जीचा आवाज गेल्या हिवाळ्यापासून बसू लागला होता. ओव्या वहीत उतरवून घेता येतात, पण आवाज वहीत राहत नाही.

पुऱ्या आवृत्तीची चौदा दिवसांची चाचणी फुकट होती. मी हिशेबाचा विद्यार्थी. एक वही घातली. तारीख, कोणता अ‍ॅम्प्लिफायर उघडला, किती वेळ वाजवला, आणि त्यातले काही अज्जीच्या गाण्याखाली ठेवण्याजोगे निघाले का, असे चार रकाने. चौदा दिवसांत एकतीस तास वाजवले. अठ्ठेचाळीस अ‍ॅम्प्लिफायर उघडले. पहिले पाच दिवस तर वाजवणे कमी आणि उघडून बघणेच जास्त झाले. लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे, प्रत्येक पदार्थाचा एकेक घास. चौथ्या रकान्यात शेवटी फक्त तीन नावे राहिली. त्यांतली दोन स्वस्तातल्या आवृत्तीत होतीच. तिसरा एक लहान, जुन्या घडणीचा अ‍ॅम्प्लिफायर होता, किंचित थरथरणाऱ्या आवाजाचा. तो फक्त पुऱ्या आवृत्तीत होता, आणि तो मला फार आवडला होता.

त्या एकासाठी 21,240 रुपये द्यायचे का? धाकट्या बहिणीला बसवले. तोच तुकडा त्या तिसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून, आणि स्वस्त आवृत्तीतल्या त्याच्या जवळच्या दुसऱ्यातून, नावे न सांगता उलटसुलट करून दहा वेळा ऐकवला. तिला सहा वेळा ओळखता आला. नाणे उडवले असते तरी पाच वेळा बरोबर आलेच असते. मला स्वतःला फरक कळत होता, हे नाकारत नाही. परंतु तो फरक वाजवणाऱ्याच्या बोटांना कळणारा होता. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचता पोचता तो विरघळत होता.

आणखी दोन गोष्टी तपासल्या, त्या इतरांच्याही उपयोगी पडतील. पहिली : स्वस्त आवृत्तीत काय कापले आहे, संख्या की दर्जा? येथे संख्या कापली होती. जे अ‍ॅम्प्लिफायर ठेवले होते, ते पुऱ्या आवृत्तीतल्याइतकेच चांगले होते. दर्जा कापला असता, म्हणजे आयबीएमच्या प्रिंटरसारखी आत अडवणारी चिप असती, तर माझे उत्तर वेगळे आले असते. दुसरी गोष्ट : तार छेडल्यापासून कानात आवाज येईपर्यंतचा उशीर. अनेकांना वाटते, की महाग आवृत्तीत हा उशीर कमी असेल. तसे नसते. संगणक 128 आकड्यांचा गठ्ठा जमवून मग गणित करतो, असे धरले तर तेवढ्यात सुमारे तीन हजारांश सेकंद जातात. हवेतून एक मीटर अंतर कापायला आवाजाला साधारण तेवढाच वेळ लागतो. जाणे-येणे धरून तो दुप्पट-तिप्पट होतो. हा उशीर संगणकावर आणि त्याला जोडलेल्या ध्वनियंत्रावर अवलंबून असतो. आवृत्तीचा त्याच्याशी संबंध नाही.

येथे कोणी विचारील, की मग 99 तरी का द्यायचे? प्रश्न रास्त आहे. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी सुरू केलेली 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' ही प्रणाली पूर्णपणे फुकट आणि खुली आहे. लोक आपापल्या खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरांचे नमुने तिच्यासाठी तयार करून वाटून टाकतात. ती मी वापरून पाहिली आणि थक्क झालो. परंतु माझा जुना लॅपटॉप तिने दमला, त्याचा पंखा जात्यासारखा घरघरू लागला, आणि नमुने शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. ज्याच्याकडे वेळ आणि बरा संगणक आहे, त्याने तिकडेच जावे. माझ्याकडे परीक्षा होती आणि अज्जी होती.

मी स्वस्तातली आवृत्ती घेतली. 19,000 मधून 10,514 गेले, 8,486 उरले. त्यांतून गुजराती गल्लीत 5,200 रुपयांचा माइक घेतला, अर्थात ओरिजिनल. स्टँड आणि वायर 900. भालकीच्या दोन फेऱ्यांना 1,400. मावसभावाचे पैसे घेतलेच नाहीत. पुरी आवृत्ती घेतली असती तर एक रुपया न उरता वर 12,754 रुपयांचे देणे झाले असते, माइक आला नसता, आणि भालकीला जाणे दिवाळीनंतरच्या सुट्टीवर गेले असते.

श्रावणात गेलो. अज्जीला समोर बसवले, माइक लावला, आणि ती गप्प. "जातं फिरल्याबिगर शब्द येतंय व्हय रे?" ती म्हणाली. परसातले जाते मामाने धुऊन आत आणले, मूठभर ज्वारी घातली, खुंटा हातात आला आणि गाणे आपोआप सुरू झाले. माइक कोठे ठेवायचा, हे ठरवण्यातच पहिली दुपार गेली. जवळ ठेवला तर जात्याचा आवाज गाण्याला खाऊन टाकी. लांब ठेवला तर अज्जीचा बसका आवाज पोचत नसे. शेवटी तिच्या खांद्याच्या उंचीवर, जात्याकडे पाठ करून ठेवला, तेव्हा दोन्ही नीट येऊ लागले. दोन दिवसांत अकरा गाणी झाली, सहा मराठी आणि पाच कन्नड. रात्री गिटारचा सूर त्यांच्याखाली ठेवून तिच्या कानाला हेडफोन लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "माझ्या मागं कोण गुणगुणतंय रे?" अ‍ॅम्प्लिफायर कोणता होता, हे तिला सांगण्याची गरज पडली नाही.

दिवाळीत दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा तिला खोकला होता. दोनच गाणी झाली. आईला लहानपणी ऐकल्याची आठवण असलेली आणखी चार पदे होती. त्यांची पहिली ओळ अज्जीला येई आणि पुढची येत नसे. तिने दोन-तीनदा जाते उलटे-सुलटे फिरवून पाहिले आणि मग खुंटा सोडून दिला.

हे वाचून 'स्वस्त तेच शहाणपणाचे' असा निष्कर्ष कोणी काढू नये. पुरे घे म्हणणारा वाद्यवृंदातला तो मित्र जड, कर्कश जातीचे संगीत वाजवतो. त्याने पुरी आवृत्तीच घेतली, नोव्हेंबरातल्या सवलतीत, आणि त्याने योग्यच केले. त्याला लागणारे फाटक्या आवाजाचे अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तातल्या आवृत्तीत नव्हतेच. शिवाय तो चार निरनिराळ्या वाद्यवृंदांत पैसे घेऊन वाजवतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा आवाज द्यावा लागतो. त्याच्या हिशेबात ते भांडवल आहे. माझ्या हिशेबात ती कोठी झाली असती. कोठी हा शब्द हैदराबादेत वाड्यासाठी आहे. आमच्या उदगीरकडच्या घरी मात्र धान्य साठवायच्या खोलीला कोठी म्हणतात. मोठे खटले असलेल्या घराला ती लागते. दोन माणसांच्या घरात भरून ठेवलेल्या धान्याला टोके होतात.

म्हणून या पेचात सापडलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवतो : आधी फुकट चाचणी घ्या आणि वही घाला. जे उघडले ते एका रकान्यात लिहा, जे कामाला आले ते दुसऱ्यात. कापले आहे ते संख्येत की दर्जात, ते पाहा. आणि दोन किमतींतल्या फरकात दुसरे काय येते, ते रुपयांत मांडा. डॉलरमध्ये मांडू नका.

अज्जीच्या कन्नड पदांविषयी एक टिपण याच अंकाच्या कन्नड विभागात दिले आहे. तेरा गाण्यांच्या प्रती मामाकडे, आईकडे आणि माझ्याकडे आहेत. खर्च जाऊन 986 रुपये शिल्लक आहेत. ते भालकीच्या तिसऱ्या फेरीसाठी बाजूला ठेवले आहेत. आईने राहिलेल्या चार पदांपैकी एकाची दुसरी ओळ परवा शेजारच्या एका बीदरच्या आजींकडून मिळवली आहे, ती अज्जीला ऐकवून पाहायची आहे.